स्वतःच्या हॉटेलातलं गिऱ्हाईक

आमचे घरमालक कुठंही गेले की आधी दार बघायचे, मग खुर्ची. आमच्याकडे चहाला वर आले तरी तेच. सोफा रिकामा असायचा, पण ते दाराजवळच्या स्टुलावर टेकणार, बुटांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून ठेवणार आणि जॅकेट अंगातच. "काका, काढा ना ते जॅकेट," मी म्हणायचे. "राहू दे की. उठायची वेळ आली तर?" कशासाठी उठायचं, कुठं जायचं, ते सांगायचे नाहीत. इंगोलश्टाटच्या बाहेरची आमची गल्ली इतकी शांत की रविवारी कुणी बागेतली कुंडी सरकवली तरी शेजारीण खिडकीत येते. अशा ठिकाणी ह्या माणसाला कुणापासून पळायचं होतं, देव जाणे. त्यात मी मूळची भित्री. दुसऱ्याला घाबरलेलं पाहिलं की मला कारण लागत नाही, मी लगेच सामील होते.

घर त्यांचं. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं. नितीन गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करणारी, आणि मराठी सगळं समजत असूनही जर्मनमध्येच उत्तरं देणारी आमची मुलगी. काका मूळचे इचलकरंजीचे, मागावर काम करणाऱ्याचा मुलगा. तरुणपणी जर्मनीत आले आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात लागले. जर्मन बायको केली, ती पुढे सोडून गेली. मुलगा हांबुर्गला, नाताळात फोन करायचा. कारखाना रोमानियाला हलला तेव्हा काकांच्या हातावर आबफिंडुंग ठेवली, म्हणजे नोकरी सोडून जाण्याबद्दल कंपनी जी घसघशीत रक्कम देते ती. बाकीच्यांनी त्यात स्वयंपाकघरं नवी केली. काकांनी पटायाचं तिकीट काढलं.

तेव्हापासून त्यांचा हिवाळा तिकडे आणि उन्हाळा इकडे. पानं गळायला लागली की ते जायचे आणि वसंतात बाजारात पांढऱ्या श्पार्गेलच्या, म्हणजे अ‍ॅस्परॅगसच्या, जुड्या आल्या की उगवायचे. पटाया म्हटलं की आमच्या मराठी मंडळातले पुरुष एकमेकांना डोळे घालायचे आणि बायका ताटात बघायच्या. काकांना ते कळायचं. "हसा," ते म्हणायचे, "पण तिथं मी काय करतो, ठाऊक आहे का? घाबरतो. सकाळी उठल्यापासून घाबरतो. आणि खरं सांगू? मजा येते." हे ऐकून लोक आणखी हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही, कारण काका चेष्टा करत नव्हते.

तिथं त्यांचं एक दुकान होतं. एक म्हणजे जागा एक, धंदे अनेक. सुरुवात शिवणकामानं झाली. सुटाचं माप सकाळी घ्यायचं आणि सूट संध्याकाळी द्यायचा. मग समोरच्या गल्लीत नेपाळी पोरांनी तेच सुरू केलं आणि रस्त्यात उभं राहून गिऱ्हाइकांच्या बाह्या ओढायला लागली, तेव्हा काकांनी मशिनं विकून भाड्याच्या स्कूटर आणल्या. स्कूटर पडायला लागल्या, माणसंही पडायला लागली, तेव्हा त्या विकून काचेच्या टाक्या आणल्या. त्यात पाय बुडवून बसायचं आणि मासे पायाची मेलेली कातडी खातात. "लोक त्याचे पैसे देतात?" मी विचारलं. "रांग लावून देतात. पण मासेच मरायला लागले." मग रशियन लोकांची गर्दी झाली तेव्हा रशियन कॉफीचं दुकान. मग तिथं गांजाला परवानगी मिळाली, तेव्हा रातोरात सगळा रस्ता हिरवा झाला आणि काकांचं दुकानही. त्याचे नियम पुन्हा बदलणार अशी कुणकुण लागली आणि त्याच सुमारास भारतीय पर्यटकांना व्हिसा लागेनासा झाला, तेव्हा काकांनी शेवटची उडी मारली. शुद्ध शाकाहारी थाळी.

जुन्या दुकानांचे फ्लेक्स टाकवत नाहीत म्हणून ते बॅगेत गुंडाळून इंगोलश्टाटला आणायचे आणि बागेतल्या सरपणावर झाकायचे. एका पावसाळी सकाळी शेजारीण मला कुंपणावरून विचारती झाली की तुमच्या घरमालकाच्या लाकडांवर ते एवढं मोठं पान कसलं आहे. मी घाबरून मॅपलचं म्हणून सांगितलं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

ह्या सगळ्या धंद्यांत काकांचं नाव कुठंच नव्हतं. परदेशी माणसाला तिथं असं दुकान स्वतःच्या नावावर काढता येत नाही, निदान सरळ मार्गानं नाही. म्हणून सगळं नोईच्या नावावर होतं. नोई म्हणजे त्यांच्या शिवणाच्या दुकानात पहिल्या दिवशी काजं करायला आलेली बाई. पुढे तिनं स्कूटर सांभाळल्या, मासे सांभाळले, आणि आता ती फोडणी घालायला शिकली होती. ती त्यांना पापा म्हणायची. मंडळातल्यांना ह्याचाही एकच अर्थ लागायचा आणि तो चुकीचा होता.

"जागेचा भाडेकरार तिचा, परवाना तिचा, बँकेतलं खातं तिचं?" नितीननं एकदा विचारलं.

"सगळं तिचं."

"आणि उद्या ती म्हणाली की निघा, तर?"

"नाही म्हणायची ती तसं."

"कागदावर काहीतरी लिहून घ्यायचं ना काका."

"नोईकडून?" काकांना ते इतकं विचित्र वाटलं की त्यांनी कप खाली ठेवला. "अरे, तिच्याकडून काय लिहून घ्यायचं?"

गॅस, वीज, विमानं, शेजारीण, नगरपालिकेचं पाकीट, सगळ्याला घाबरणारा हा माणूस ह्या एका बाबतीत दगडासारखा निर्धास्त होता. मला ते तेव्हा त्यांच्या विक्षिप्तपणातच जमा करावंसं वाटलं.

त्यांची आणखी एक सवय होती. चहा पिऊन झाला की ते कप जागचा हलवायचे नाहीत. बशीवर कप, कपात चमचा, तसंच सोडून जायचे. मी मनातल्या मनात म्हणायचे, चाळीस वर्षं जर्मनीत राहूनही पुरुषी ऐट गेली नाही. एकदा बोलूनही दाखवलं. काका ओशाळले. "तसं नाही गं. हात लावायची भीती बसलीय. माझा व्हिसा पेन्शनरांचा. तिथं मी काम केलं तर गुन्हा आहे. कपसुद्धा उचलायचा नाही. टेबल पुसायचं नाही. कोण बघत असेल, सांगता येत नाही." मग स्वतःच्या दुकानात ते काय करायचे? तर गिऱ्हाईक व्हायचे. रोज सकाळी मागच्या दाराजवळच्या टेबलावर बसायचे, थाळी मागवायचे, जेवायचे आणि नोईला बिल द्यायचे. वाटी पालथी झाली, आमटी पसरली, पोरगी गडबडली, तरी जागचे हलायचे नाहीत. काही सांगायचं असलं तर खोकायचे. एक खोकला म्हणजे मीठ कमी, दोन म्हणजे पलीकडच्या टेबलाला पाणी.

नितीनला हे सगळं विलक्षण आवडायचं आणि मला त्याचीच धास्ती होती. कारण त्या वर्षी त्याच्या कंपनीत विभागच्या विभाग बंद व्हायला लागले होते. आधी कुर्त्सआरबाइट आलं, म्हणजे आठवड्यातले निम्मे दिवस घरी. मग त्याच्यापुढे कागद ठेवला गेला. आपणहून सोडा, आबफिंडुंग घ्या. सही करायला नाताळनंतरची मुदत. तो विचार करायला म्हणून खाली काकांकडे जाऊन बसायचा आणि वर येताना त्याचे डोळे चमकत असायचे.

"गेनाऊ, अगदी तसंच करायचं," तो म्हणायचा. "काकांसारखं. त्यांना भागीदार हवाच आहे. आपण रीतसर कंपनी काढू, वर्क परमिट काढू. समुद्र आहे, ऊन आहे. इथं काय आहे?"

"इथं मुलीची शाळा आहे."

"तिथंही शाळा असतात."

"इथला राहण्याचा परवाना जाईल आपला. सहा महिने बाहेर राहिलो की संपलं."

"तुला सगळ्याचीच भीती वाटते."

ते खरंच होतं. पण त्या दिवसांत मला वाटत होती ती भीती नेहमीची नव्हती. नेहमीची भीती मी बोलून टाकते आणि ती कमी होते. ही बोलता येत नव्हती. माझी खात्री झाली होती की खालच्या मजल्यावरचा हा म्हातारा माझं घर खालून पोखरतोय. नितीन खाली गेला की मी मुलीचा डबा भरता भरता थांबायचे आणि जिन्याकडे कान लावायचे. खालून हसण्याचा आवाज आला की डब्याचं झाकण माझ्या हातात तसंच राहायचं. मुलगी एकदा दारात उभी राहून त्याला म्हणाली, "पापा, वोहिन गेस्ट डू?" कुठं चाललास, एवढंच ती विचारत होती, तो खाली कचरा टाकायला निघाला होता, पण मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पटायाला गेलो. "नुसतं बघून येऊ," नितीन म्हणाला. मी गेले, कारण त्याला एकट्याला पाठवायचं माझ्यात बळ नव्हतं.

काका तिथं वेगळे दिसले. फुलाफुलांचा शर्ट, पायात सपाता. समुद्रकाठच्या रस्त्यानं चालताना दुकानं दाखवत होते. "हे सोन्याचं दुकान आहे ना, तो आधी जर्मन बेकरीवाला होता. हे दातांचं क्लिनिक, इथं बार होता. त्याच्या आधी दुसरा बार. हा नॉर्वेचा, ह्यानं तीनदा बुडवलं, चौथ्यांदा मांडलंय." उंच, भाजलेले, गोंदवलेले म्हातारे आपापल्या दारांत गिऱ्हाईक बनून बसले होते आणि काकांना हात करत होते. सगळ्यांच्या पाठी भिंतीला आणि तोंडं रस्त्याकडे. त्या सगळ्या रस्त्याला आमच्या घरमालकांचीच सवय लागलेली होती. नितीनला ऊन दिसत होतं. मला ती माणसं दिसत होती.

नोई ठेंगणी, गंभीर चेहऱ्याची बाई निघाली. तिनं माझ्या मुलीच्या हातात आंबा दिला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "यू नो स्लीप." मला झोप नाही, हे माझ्या नवऱ्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

ते घडलं निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी. हॉटेलात नागपूरकडची एक सहल शिरली. सगळी एकदम भुकेलेली माणसं. वाढणारी पोरगी आली नव्हती. नोई आत पोळ्या लाटत होती, बाहेर ताटं लागलेली आणि आमटीचा पत्ता नाही. काका आपल्या टेबलावर बसून खोकत होते. एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "अरे कोणी वाढतंय की नाही?"

आता, मराठी माणसाला आमंत्रण लागत नाही अशी एकच गोष्ट आहे. पंगत बसलीय आणि वाढपी कमी आहेत असं दिसलं की चांगल्या घरातला माणूस बाह्या सरसावतो. नितीन उठला. त्यानं कढईतून आमटी बादलीत ओतून घेतली, पळी घेतली आणि सुरू झाला. "बसा आजोबा, घ्या, अजून घ्या." लोक खूश. तो तर इतका खूश की इंगोलश्टाटमध्ये मी त्याला कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"नितीन, ठेव ते," काका म्हणाले. मग ओरडले, "ठेव म्हणतो ना! बस खाली!"

"अहो काका, दोन पळ्या वाढल्या तर काय होतंय?"

आणि समोरच्या काचेतून मला मोटारसायकलवरून उतरणारे दोन जण दिसले. साधे कपडे, गळ्यात इमिग्रेशनची ओळखपत्रं. शेजारच्या मसाजवालीनं दुकानाचा पडदा झरकन ओढला. नोई आतून बाहेर आली आणि जागीच थांबली. नितीनच्या हातात बादली होती आणि तो पाठमोरा होता. मला हाकही मारता येईना.

काकांच्या मागं दार होतं. उघडं. त्या दारासाठीच ते इतकी वर्षं त्या टेबलावर बसत आले होते. ते उठले, आणि मला वाटलं, आता गेले. ते नितीनकडे आले. त्याच्या हातातून बादली काढून घेतली, खुंटीवरचा ॲप्रन गळ्यात अडकवला आणि जोरात, मराठीत म्हणाले, "हात पूस. खाली बस. जेव."

त्यांचा आवाज असा होता की नितीन बसला. ते दोघं आत आले तेव्हा काका त्याच्याच ताटात आमटी वाढत होते. निम्मी आमटी ताटात पडत होती, निम्मी टेबलावर.

त्या माणसांनी विचारायचं ते विचारलं. नोई थाई भाषेत काहीतरी बोलायला लागली, बहुधा खरं काय ते. काकांनी तिला हातानंच गप्प केलं. "आय वर्क," ते म्हणाले. "धिस मॅन, कस्टमर. आय वर्क हिअर." त्यांनी पासपोर्ट मागितला. जर्मनीत तो जॅकेटात असायचा, तिथं शर्टाच्या खिशात होता. तोही त्यांनी आपणहून काढून दिला. ते दोघं काकांना घेऊन निघाले. माझ्या जवळून गेले तेव्हा काकांचे ओठ पांढरे पडले होते. "पोरीला काहीतरी खायला घाल," एवढंच म्हणाले.

कोठडीत आम्हाला त्यांना भेटू दिलं नाही. नोई रोज डबा घेऊन जायची, बाहेर उन्हात बसायची आणि रिकामा डबा घेऊन यायची. आमच्या विमानाची वेळ झाली आणि आम्ही निघालो.

काका पुढच्या महिन्यात म्युनिकला उतरले. त्या देशात त्यांना आता येऊ देणार नव्हते, बहुधा कधीच. आम्ही आणायला गेलो. जॅकेट त्यांच्या अंगावर हँगरवर घातल्यासारखं दिसत होतं. गाडीत मी विचारलं, "काका, खूप घाबरलात का हो तिथं?" ते खिडकीतून बर्फ बघत राहिले. "हो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, आता संपलं. इतकं बघितल्यावर नितीन पटायाचं नाव काढणार नाही. पण झालं भलतंच. तो दिवसेंदिवस गप्प झाला आणि एका संध्याकाळी मला म्हणाला, "मी सोमवारी सही करतोय. आता तर जायलाच हवं. माझ्यामुळे त्यांचं दुकान गेलं. त्यांना जाता येत नाही, नोई एकटी आहे. मी नाही चालवणार तर कोण?" आधी त्याची हौस होती, हौशीशी भांडता येतं. आता ते ऋण झालं होतं. भीतीनं माणूस बधिर होतो हे मी ऐकलं होतं, त्या संध्याकाळी मी भाजी चिरत राहिले आणि बोट कापलं तरी मला कळलं नाही.

रविवारी दुपारी मी खाली गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पाया पडायचीही माझी तयारी होती.

दार लोटलेलंच होतं. काका टेबलाशी बसून फोनवर नोईशी बोलत होते, समोर तिचा चेहरा दिसत होता. मला त्यांनी खुणेनं बसायला सांगितलं. नोईच्या मागं दोन माणसं शिडीवर चढून थाळीची पाटी उतरवत होती. आत टेबलं नव्हती. भिंतीवर जिथं खुंटी होती तिथं भोक दिसत होतं.

"फिनिश, पापा," नोई म्हणाली. "यू शुअर?"

"शुअर. लीज बॅक टू ओनर. ऑल मनी, यू टेक. गो होम, सिस्टर हाउस."

"नो मनी. आय सेंड यू."

"यू टेक, नोई." मग थाई भाषेत काहीतरी बोलले, हळू आवाजात. ती रडायला लागली होती. तिनं फोन समुद्राकडे वळवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. काका बघत राहिले. मग त्यांनी फोन पालथा ठेवला.

"नितीन मला सगळं सांगून गेला. आता त्याला जायला जागाच नाही," ते मला म्हणाले. "वर जाऊन निवांत झोप."

मी ओक्साबोक्शी रडले. ह्या माणसाला मी वर्षभर मनातून शिव्याशाप दिले होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नितीन मला शोधत आत आला. माझा चेहरा पाहून तो घाबरला. "काय झालं? काका, काय झालं?"

काकांनी डोळे पुसले. त्यांना ते लपवायची गरजच नव्हती.

"नोईनं फसवलं रे मला," ते म्हणाले. "दुकान विकलं. पैसे घेऊन गेली गावाला. फोन उचलत नाही."

नितीनचा आधी विश्वास बसेना. मग त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं तिला जे जे म्हटलं ते मी लिहिणार नाही. असल्या बायका, असला देश, गोड बोलून गळा कापतात, माझ्या मुलीला आंबे खायला घालत होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तो बोलत होता आणि काका मान खाली घालून ऐकत होते. पालथा फोन एकदा थरथरला, त्यांनी त्यावर हात ठेवला. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"बरं झालं मी सही केली नव्हती," शेवटी नितीन दमून म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसला. "काका, पण इतकी वर्षं... तुम्हाला कधी शंका नाही आली?"

"आली होती की," काका म्हणाले. "मी तुला नेहमी सांगायचो, आठवतं का? ती बाई भरवशाची नाही म्हणून."

तसं ते कधीच म्हणाले नव्हते.